उलट टोला

१

सुर्र, सुर्र, सुर्र. मग एक लांब फुंकर. मग पुन्हा सुर्र.

हा आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. जंगल खात्यात रोजंदारीवर लागून चार दिवस झाले होते. सातपुड्याच्या पायथ्याशी, सकाळची वेळ. मला वाटलं, झाडामागे कुणी म्हातारा बसून बशीतला गरम चहा भुरकतोय. फक्त तो म्हातारा फार मोठा असावा.

माझ्यापुढे मंजाबा चालत होता. जुना वनमजूर, त्याची उमर रानातच गेलेली. त्यानं न वळता हात मागे करून मला थांबवलं.

"अस्वल हाये," तो म्हणाला. "वारूळ फोडून वाळवी खाऊ राह्यलं. आवाज येते तोवर भेव नाई."

"आणि थांबला तर?"

"तर आपुन थांबाचं. त्याले आपला पत्ता लागला म्हनून समज."

त्यानंतर छत्तीस वर्षं मी त्या रानात काढली. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. लिहिण्यावाचण्यात मी कधी कुणाच्या पुढे नव्हतो, पण काळ्या अस्वलाच्या शेजारी कसं राहायचं हे मला कळत होतं. ते अवघड नाही. त्याची नजर अधू, कान बेताचे, नाक मात्र तिखट. ते रागानं येत नाही, दचकून येतं. म्हणून आपण आहोत हे त्याला आधी कळवायचं. वाटेच्या प्रत्येक वळणावर काठीनं झाडावर दोन टोले मारायचे. ठक, ठक. मोहाची फुलं घराजवळ वाळत घालायची नाहीत. समोर आलंच तर पळायचं नाही, डोळ्यांत बघायचं नाही, पाठ झाडाला लावून मान खाली घालायची आणि हळू आवाजात बोलत राहायचं. अंगावर आलं तर पालथं पडून तोंड वाचवायचं. ते तोंडावरच येतं.

मंजाबानं आणखी एक सांगितलं होतं. "कुठून टोला आयकू आला, तर उलट टोला द्याचा नाई. मानूस असंन तर तोंडानं हाक मारंन."

"आणि माणूस नसेल तर?"

"मानूसच असते," मंजाबा म्हणाला. पण ते त्यानं लगेच म्हटलं नाही.

मी अंगावर एकही ओरखडा न घेता निवृत्त झालो. माझ्याबरोबरच्या अकरा जणांत असे दोघेच.

२

शोभा, माझी बायको, गेली आणि पुढच्या वर्षी मुलानं मला सिडनीला आणलं. हृषिकेश कॉम्प्युटरमध्ये आहे, सून सुनेत्राही. दोघांनी स्कोफिल्ड्स या उपनगरात नवं घर बांधलं होतं. तिथे सगळंच नवं. रस्ते नवे, झाडं मनगटाएवढी, दिव्यांचे खांब उभे पण दिवे अजून लागायचे होते. मागच्या अंगणाला माणसापेक्षा उंच पत्र्याचं कुंपण, कुंपणात एक फाटक. फाटकापलीकडे ओढा, ओढ्यावर छोटा पूल आणि काठाकाठानं जाणारी पायवाट. त्या वाटेनं स्टेशन वीस मिनिटं. गाडीरस्त्यानं चालत गेलं तर पाऊण तास, कारण मधल्या जमिनीवर सगळीकडे बांधकामाच्या जाळ्या लागलेल्या.

ती २०१८ सालची गोष्ट. त्या वर्षी शिकायला आलेल्या मुलांची नुसती रीघ होती. टूनगॅबी, गिरावीन अशा जुन्या उपनगरांत एकेका खोलीत तीन-तीन मुलं. आमच्याकडे भाड्यानं राहायला आलेली रुचा तशाच एका घरातून आली. चिंचवडची मुलगी. तिथे ती हॉलमधल्या सोफ्यावर झोपायची, आणि दुपारी तो सोफा रात्रपाळी करून आलेल्या दुसऱ्या मुलीचा व्हायचा. आमच्याकडे तिला दाराला कडी असलेली स्वतःची खोली मिळाली. पहिल्या दिवशी तिनं ती कडी तीनदा लावून बघितली.

ती युनीत, म्हणजे विद्यापीठात शिकायची आणि आठवड्याचे चार दिवस एका वृद्धाश्रमात कामाला जायची.

"आजोबा, गोळ्या द्यायच्या असतील तर सांगा," ती मला म्हणाली. "मला म्हाताऱ्यांची सवय आहे."

"मी कसलीच गोळी घेत नाही."

"बीपी?"

"नाही."

"शुगरपण नाही? मग काय उपयोग तुमचा."

मला मुलगी नाही. ती घरात आल्यापासून संध्याकाळी मी मागच्या ओट्यावर बसू लागलो. मटार सोलायचे असोत, कोथिंबीर निवडायची असो, काम तिथेच घेऊन बसायचं. जून महिना, म्हणजे तिकडचा हिवाळा. पाचला दिवस मावळतो, आणि रुचा पायवाटेनं पाचच्या सुमाराला यायची. एकदा ती धापा टाकत आली.

"काय झालं?"

"काही नाही. त्या पुलापाशी कोणी नसतं आजोबा. पण कोणी नसल्यासारखं वाटत नाही."

मी तिला रानातली रीत सांगितली. तिच्याकडे पाण्याची स्टीलची बाटली असायची. म्हटलं, पुलावर आलीस की कठड्याच्या नळीवर दोन टोले मार. कुत्रं असो, दारुडा असो, माणूस येतोय हे कळलं की बाजूला होतात.

"आणि तुम्हाला ऐकू आलं हे मला कसं कळणार?"

मी समोरचं पातेलं पालथं केलं आणि पळीनं दोनदा वाजवलं.

दुसऱ्या दिवशी पाचला पुलावरून टण, टण. मी पातेल्यावर टण, टण. ती फाटकातून आत आली ती हसत. "घरून कोणीतरी ओ दिल्यासारखं वाटलं," म्हणाली.

त्या मुलुखात अस्वल नाही. मग तिथे मंजाबाचं कुठलं बोलणं पाळायचं आणि कुठलं सोडायचं, ते मीच ठरवलं.

३

तीनेक आठवड्यांनी, एका मंगळवारी दुपारी चारला, मी मटार सोलत होतो. कुंपणापलीकडून आवाज आला. सुर्र, सुर्र, सुर्र. फुंकर. सुर्र.

माझे हात थांबले नाहीत. आवाज येतोय तोवर भीती नाही, हे हातांनाही पाठ होतं. अर्धी वाटी मटार सोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की मी कुठे बसलोय.

मी घाबरलो नाही. हे बढाई म्हणून सांगत नाही. मला वाटलं, शेजारच्या ऑगस्टिनचा पोहायचा हौद आहे, त्याचा गाळ ओढायची नळी असणार. ऑगस्टिन वसईचा. बँकेत काम करतो, आणि खुर्चीवर चढून, कुंपणावरून डोकं काढून मराठी बोलायला कायम तयार.

संध्याकाळी त्याचं डोकं दिसलं तेव्हा मी म्हटलं, "ऑगस्टिन, तुझं ते स्विमिंग पूल साफ करायचं यंत्र फार भुरकतं रे."

"कुठलं यंत्र, काका? एप्रिलपासून झाकून ठेवलाय पूल. पाणी इतकं गार की कॅरोलिन म्हणते, त्यात बोंबील ठेव, टिकतील."

कॅरोलिन म्हणजे त्याची बायको.

"मग पलीकडच्यांचं असेल."

"पलीकडे घर कुठाय? नुसती स्लॅब टाकलीय. तिथे अजून साधा नळ नाही." मग त्यानं माझ्याकडे नीट बघितलं. "कसला आवाज आला, काका?"

"काही नाही. कुणीतरी चहा पीत होतं," मी म्हणालो. तो हसला.

४

मी घरात फक्त एवढंच सांगितलं की कचऱ्याच्या डब्याला झाकण घट्ट लावा, फळं ओट्यावर उघडी ठेवू नका आणि मागे खरकटं टाकू नका.

"का हो बाबा?" सुनेत्रानं विचारलं.

"बरं असतं."

हृषिकेशला माझी भाषा कळते. तो त्याच रानाच्या कडेला वाढला. "बाबा, इथे अस्वल नाही," तो म्हणाला. "कोआलाला लोक बेअर म्हणतात, पण तेही अस्वल नाही. ते दिवसाचे वीस तास झोपतं."

"माझ्यासोबत काम करणाऱ्या लोकांसारखं," रुचा म्हणाली. सगळे हसलो, मीही. त्या रात्री फळं झाकली गेली.

आठवड्याभरात वाळवी तपासणारा माणूस आला. त्या देशात वाळवी फार, लाकडाची घरं पोखरते, म्हणून दरवर्षी तपासून घ्यायची पद्धत आहे. ॲलन त्याचं नाव. दांडगा गोरा माणूस, गुडघे दुखत असल्यामुळे कण्हत खाली बसायचा. घर चोख निघालं. मग तो फाटकाबाहेर गेला. तिथे एका जुन्या निलगिरीचा तोडलेला बुंधा होता, कमरेएवढा. बांधकामवाल्यांनी तो उपटायचा राहून गेला होता. ॲलननं हृषिकेशला हाक मारली, मागोमाग मी गेलो.

बुंधा आतून पोकळ झाला होता. त्यात वाळवीचं घर होतं, ते कुणीतरी संपवलं होतं. चाटूनपुसून.

"समथिंग्ज क्लीन्ड इट राइट आउट, मेट," ॲलन म्हणाला. "एकिडना, मोस्ट लाइकली."

हृषिकेशनं मला सांगितलं की एकिडना म्हणजे साळिंदरासारखा काटेरी प्राणी, वाळवी खातो. केवढा असतो विचारलं तर त्यानं हातानं दाखवलं. मांजराएवढा.

मी वाकून बुंध्यात हात घातला. खांद्यापर्यंत गेला. कडेला लाकूड ओरबाडलेलं होतं, चार रेघा. मी माझी चार बोटं त्या रेघांवर ठेवली. रेघांना बोटं पुरली नाहीत, फाकवावी लागली.

ॲलन माझ्या बोटांकडे बघत होता. "बिग एकिडना," तो म्हणाला, आणि मग दोनदा, "नो वरीज, नो वरीज." येताना हत्यारं मांडायला त्यानं अर्धा तास लावला होता. जाताना हत्यारं गोळा करायला त्याला दोन मिनिटंही लागली नाहीत.

रानात आम्ही माग बघायला वाटेवर बारीक माती चाळून पसरायचो. मी पलीकडच्या बांधकामावरून दोन घमेली वाळू आणली आणि फाटकाबाहेर पसरली. सकाळी पाहिलं तर ठसे होते.

अस्वलाच्या मागच्या पायाचा ठसा अनवाणी माणसाच्या पावलासारखाच असतो. नवशिका फसतो. म्हणून आम्ही पुढच्या पायाचा ठसा शोधायचो, तो आखूड, रुंद, नखं लांब पुढे उमटलेली. मी शोधला. वाळू दहा पावलं लांब होती आणि ठसे या टोकापासून त्या टोकापर्यंत होते. सगळे मागच्या पायाचेच.

मी स्वतःला सांगितलं, कुणीतरी माणूस अनवाणी गेला असेल. तिकडे लोक अनवाणी दुकानातही जातात. हे खरं आहे, मी पाहिलं आहे. मग मी झाडूनं वाळू सारखी केली.

५

गुरुवारी पाचला पुलावरून टण, टण आलं. माझ्या मांडीवर कोथिंबीर होती. मी पातेलं ओढलं आणि टण, टण वाजवलं.

"आजोबा, कुणाला वाजवलंत?"

रुचा मागच्या काचेच्या दारात उभी होती. केस ओले, खांद्यावर टॉवेल. त्या दिवशी तिची शिफ्ट रद्द झाली होती. ती दुपारपासून घरातच झोपली होती आणि मला ते माहीत नव्हतं.

आम्ही दोघं फाटकाकडे बघत राहिलो. संध्याकाळ अजून पुरती पडली नव्हती. ओढ्याकडून पाण्याचा आवाज येत होता. थोड्या वेळानं पुन्हा आलं. टण, टण. या वेळी जरा घाईनं, एकदा ओ मिळाल्यावर माणूस दुसऱ्यांदा वाजवतो तसं.

"कोणीतरी मुलं असतील," रुचा म्हणाली. "आपलं ऐकून ऐकून करत असतील."

"असतील."

"तुम्ही नका देऊ आता."

"नाही देत."

कोथिंबिरीच्या काड्या माझ्या हातात तशाच होत्या. मला मंजाबा आठवला नाही, शोभा आठवली. ती म्हणायची, तुम्हाला सगळं येतं, फक्त कुणी हाक मारली तर गप्प बसता येत नाही.

टोला अस्वलाला सांगण्यासाठी असतो, बोलावण्यासाठी नाही. महिनाभर मी रोज, ठरलेल्या वेळी, ऐकणाऱ्याला सांगत होतो की पुलावर एकटी मुलगी आहे आणि तिचं घर या बाजूला आहे.

६

त्या रात्री जेवताना मी सगळ्यांसमोर सांगितलं की रुचानं उद्यापासून गाडीरस्त्यानं यावं.

"बाबा, पाऊण तास चालेल ती?" सुनेत्रा म्हणाली. "आठ तास उभं राहून काम करते."

"चालेल."

हृषिकेशनं चमचा खाली ठेवला. "बाबा, तुम्ही तिला घाबरवताय. अशानं ती खोली सोडून जाईल."

"जाऊ दे. धडधाकट जाऊ दे."

मी मोठ्यानं बोललो नव्हतो. पण इतकं ठाम मी सहसा बोलत नाही. रुचा म्हणाली, "दादा, असू दे. मी येईन रस्त्याने. तेवढंच जिमचं काम." मग माझ्याकडे वळून, "खुश, आजोबा?"

"हो."

"चेहऱ्याला पण कळवा."

ती पुढचा आठवडा रस्त्यानंच आली. मी ओट्यावर बसायचो ते बसतच होतो. पातेलं आत ठेवलं. पाचला पुलावर टोले पडायचे, मी गप्प बसायचो. साडेपाचला पुढच्या दारानं रुचा यायची, तेव्हा मी उठायचो. सोमवारी असं झालं, मंगळवारी असं झालं. बुधवारी टोले पुलावरून आले नाहीत. मी बरं म्हणतोय तोच कुंपणाला लागून आवाज आला. ठक, ठक. तो लोखंडाचा नव्हता. लाकडाचा होता, पोकळ, बाहेरच्या त्या बुंध्यावरचा. रानात मी अशाच आवाजाचे टोले मारत फिरलो होतो.

मी हात मांडीखाली घालून बसलो.

कुंपण सहा फुटांचं आहे. त्याच्या माथ्यावरून पलीकडच्या झाडांचे शेंडे दिसतात. शेंडे हलत नव्हते. वारा नव्हता. पत्र्याच्या पलीकडे कुणीतरी श्वास घेत होतं, आणि मी ठरवलं की तो माझाच श्वास आहे, पत्र्यावरून परत येतोय. त्यावर विश्वास बसावा म्हणून मी माझा श्वास रोखून धरला. मग मी आत गेलो.

७

शुक्रवारी साडेचारला फोन वाजला. घरात मी एकटा. हृषिकेश आणि सुनेत्रा सहाशिवाय येत नाहीत.

"आजोबा, मी स्टेशनवर उतरले," रुचा म्हणाली. "पाचला माझी ऑनलाइन परीक्षा आहे. रस्त्याने आले तर धड पोचणार नाही. आज एक दिवस वाटेने येते हं."

"नको. तिथेच थांब, मी येतो."

"तुम्ही यायला वीस मिनिटं, परत जायला वीस. हुकली तर पूर्ण सेमिस्टर जाईल माझं. आजोबा, मी बाटली वाजवते, तुम्ही फक्त…"

फोन बंद पडला. मी परत लावला. बंद. आणखी दोनदा लावला.

मी पातेलं आणि पळी घेतली आणि मागे गेलो. उजेड होता अजून, राखेच्या रंगाचा. फाटकापलीकडून आवाज येत होता. सुर्र, सुर्र. फुंकर. सुर्र.

खरं सांगतो, मला हायसं वाटलं. ते बुंध्यापाशी आहे आणि खातंय. म्हणजे वाटेवर नाही. बुंध्यात आता खायला काही उरलेलं नाही हे मला माहीत होतं, पण तो विचार मी बाजूला ठेवला. रुचाला पुलावर यायला पंधरा मिनिटं लागतील. तोवर हे इथे राहिलं पाहिजे. मी मिनिटं मोजत उभा राहिलो.

आवाज थांबला.

मग पुलावरून आलं. टण, टण. लोखंडावर स्टील.

ती आली होती. आणि त्याला तिचा पत्ता लागला होता.

किंवा ती आली नव्हती. हेही मला त्याच क्षणी सुचलं. मी तिथे उभा राहून दोन्ही बाजू नीट पाहिल्या, घाई केली नाही. टोला तिचा नसेल आणि मी ओ दिली, तर ते माझ्याकडे येईल. टोला तिचा असेल आणि मी गप्प बसलो, तर ते तिच्याकडे जाईल. मंजाबानं सांगितलेला नियम मला वाचवण्यासाठी होता. पुलावर मी नव्हतो.

मी पातेलं वाजवलं. दोन टोले नाही, वाजवतच राहिलो. फाटकाची कडी काढली, फाटक पूर्ण उघडलं, म्हणजे त्याला वाट शोधावी लागू नये. मग मागे सरलो, पाठ दाराशेजारच्या भिंतीला लावली, पातेलं ठेवून दिलं आणि मान खाली घातली.

ते आलं. पावलं दोनच होती. एक, मग दुसरं, जड आणि सावकाश. त्याच्या आधी वास आला, मोहाची फुलं आंबली की येतो तो. त्या देशात मोह नाही.

पावलं फाटकाच्या आत येऊन थांबली. मला गुडघ्यापर्यंतचं दिसत होतं. काळे केस, चिखलानं गुठळ्या झालेले. पंजे आतल्या बाजूला वळलेले. त्यात नवीन काही नव्हतं, असे पाय मी आयुष्यभर पाहिले होते. मी बोलू लागलो, रानात बोलायचो तसंच, हळू.

"वाजवलं ते मी," मी म्हणालो. "इथे मीच आहे. दुसरं कुणी नाही. तू तुझ्या वाटेनं जा, मी माझ्या घरात. आपलं काही भांडण नाही."

ते ऐकत होतं. रानात अस्वल ऐकतं तेव्हा ते हवा ओढतं, वास घेतं. हे वास घेत नव्हतं.

माझ्या मागे काचेचं दार सरकलं.

"आजोबा? आले मी," रुचाचा आवाज आला. "स्टेशनबाहेर ऑगस्टिन काका भेटले, गाडीत घेतलं त्यांनी. माझा फोनच गेला. तुम्ही का वाजवत होता?" मग ती थांबली. अंगणात अंधारून आलं होतं आणि ती उजेडातून बघत होती. "कोण आलंय? त्यांना आत बोलवू का?"

"रुचा," मी म्हणालो. मी वळलो नाही, आवाज वाढवला नाही. "दार लाव. कडी लाव. परीक्षेला बस."

"पण आजोबा, ते उभे…"

"लाव, बाळ."

दार सरकलं. कडी लागल्याचा आवाज मी ऐकला. मग स्वयंपाकघरातला मोठा दिवा लागला आणि उजेड माझ्या खांद्यावरून पुढे पडला.

डोळ्यांत बघायचं नाही. छत्तीस वर्षांत मी हे कधी मोडलं नव्हतं. तेव्हाही डोळ्यांपर्यंत गेलो नाही. छातीवरचा पांढरा पट्टा पाहिला, तो कुंपणाच्या माथ्याच्या वर होता. त्याच्या वर हनुवटी. त्याच्या वर तोंड.

तोंड हळूहळू उघडत होतं. वाळवी ओढताना अस्वलाचे ओठ पुढे येतात, तसे ते आले. मी त्या आवाजाची वाट बघत होतो. तोच यावा असं मला मनापासून वाटत होतं. तो आला नाही. ओठ पुढे आले, मागे गेले, जीभ वर टाळूला लागली. वृद्धाश्रमातल्या झटका येऊन गेलेल्या माणसांबद्दल रुचा सांगायची, पहिला शब्द लावायला त्यांना किती वेळ लागतो. तसं ते तोंड एखादा शब्द लावू बघत होतं.

मी थांबलो. माझी पाठ भिंतीला होती, तिच्यापलीकडे रुचा होती, आणि मी कितीही वेळ तिथे उभा राहू शकत होतो. हे त्याला कळलं असावं.

तोंड मिटलं. ते वळलं. फाटकाच्या वरच्या दांडीखालून ते वाकून गेलं, डोकं आपटू नये म्हणून उंच माणूस वाकतो तसं, आणि जाताना हात मागे घालून फाटक ओढून घेतलं. मी पत्र्याच्या फटीशी गेलो. मला वाटलं होतं ओढ्यात उतरेल, झाडीत शिरेल. ते पायवाटेला लागलं. पूल ओलांडला आणि स्टेशनच्या दिशेनं, दोन पायांवर, कसलीही घाई न करता, एक शब्दही न बोलता चालत गेलं.